ओंडक्यांच्या निर्यातीतला पहिला क्रमांक

१/
निर्यातीच्या कोष्टकातला पहिला क्रमांक हे सहसा भरभराटीचे लक्षण मानले जाते. उष्णकटिबंधीय कठीण लाकडाच्या ओंडक्यांचा इतिहास वेगळेच सांगतो. दुसऱ्या महायुद्धानंतर हे स्थान फिलिपिन्स, इंडोनेशिया, मलेशिया आणि पापुआ न्यू गिनी असे फिरत गेले. ते का फिरले, याचा हा मागोवा.

२/
मागणीचे मुख्य केंद्र होते जपान. युद्धानंतर नव्याने उभ्या राहणाऱ्या या देशाला प्लायवूड हवे होते. त्यातले बरेचसे काँक्रीट ओतताना सेंट्रिंगसाठी वापरले जाई आणि काही वापरांनंतर टाकून दिले जाई. आग्नेय आशियातील डिप्टेरोकार्प कुळातल्या उंच, सरळ बुंध्यांच्या वृक्षांपासून ते स्वस्तात बनत असे.

३/
प्रारंभी आघाडीवर होता फिलिपिन्स. १९६० च्या दशकाच्या अखेरीस त्याची निर्यात शिखरावर पोहोचली. १९०० च्या सुमारास या देशाचा निम्म्याहून बराच अधिक भाग जंगलाखाली होता. १९८० चे दशक संपताना पाव भागही उरला नव्हता. निर्यातबंदी आली, पण तोवर निर्यात करण्याजोगे जंगलच सरत आले होते. पुढे हाच देश लाकूड आयात करू लागला.

४/
इंडोनेशियात सुहार्तो राजवटीने १९६७ मध्ये परकीय गुंतवणुकीचा आणि वनांचा असे दोन कायदे केले. तोडीचे परवाने देशी-परदेशी कंपन्यांना वाटले गेले. १९७० च्या दशकात पहिला क्रमांक इंडोनेशियाकडे आला.

५/
१९८० पासून टप्प्याटप्प्याने आणि १९८५ मध्ये पूर्णपणे इंडोनेशियाने ओंडक्यांची निर्यात थांबवली. हेतू प्लायवूडचे देशी कारखाने उभारण्याचा होता आणि तो साधलाही. दशकाअखेर इंडोनेशिया उष्णकटिबंधीय प्लायवूडचा सर्वांत मोठा निर्यातदार झाला. मात्र कारखान्यांची भूक कायदेशीर तोडीपेक्षा मोठी ठरली, आणि ती बेकायदा तोडीने भागवली जाऊ लागली.

६/
इंडोनेशियाने सोडलेली बाजारपेठ मलेशियाच्या साबा आणि सारावाक या बोर्निओवरील राज्यांनी भरून काढली. आंतरराष्ट्रीय उष्णकटिबंधीय लाकूड संघटनेच्या पथकाने १९९० मध्ये सारावाकसाठी वर्षाला ९२ लाख घनमीटर ही टिकाऊ तोडीची मर्यादा सुचवली. त्या सुमारास प्रत्यक्ष तोड जवळजवळ दुप्पट होती.

७/
या घनमीटरांखाली माणसांची घरे होती. १९८७ मध्ये पेनान आदिवासींनी लाकूडवाहतुकीचे रस्ते अडवले. सरकारने त्याच वर्षी असे रस्ते अडवणे हा गुन्हा ठरवणारी दुरुस्ती केली.

८/
विसाव्या शतकाच्या अखेरीनंतर मुख्य ग्राहक बदलला; जपानची जागा चीनने घेतली. २०१४ च्या सुमारास पापुआ न्यू गिनी अग्रस्थानी आला. तेथील बहुतांश जमीन परंपरेने स्थानिक कुळांच्या मालकीची असूनही ओंडके मोठ्या प्रमाणावर बाहेर गेले.

९/
म्हणूनच निर्यातीचा आलेख उतरलेला दिसला की त्याचे कारण तपासावे लागते. तोड खरोखर थांबलेली असू शकते. फिलिपिन्सप्रमाणे जंगल संपलेले असू शकते. किंवा इंडोनेशियाप्रमाणे तेच झाड प्लायवूड होऊन वेगळ्या रकान्यात गेलेले असू शकते. देशांची तुलना करताना एकूण तोड आणि शिल्लक जंगल हे दोन रकाने शेजारी मांडले, तरच त्या आकड्याचा अर्थ लागतो.