‘डिराइव्ह’ : एका क्रियापदाचा पाट

शब्दाचे मूळ सांगताना इंग्रजी कोशकार ‘डिराइव्ह’ हे क्रियापद पदोपदी योजतो. त्या क्रियापदाच्या स्वतःच्या मुळाकडे मात्र अभ्यासकाचे लक्ष क्वचितच जाते. लॅटिन ‘देरिवारे’ हे ते मूळ होय. ‘दे’ म्हणजे पासून, ‘रीवुस’ म्हणजे ओहोळ किंवा पाट. तेव्हा पाणी वळवून नेणे, हा मूळचा अर्थ. ‘रीवुस’चे नाते ऋग्वेदातील ‘री’ (रिणाति, रीयते) ह्या प्रवाहवाचक धातूशी जोडण्यात येते. ‘रिव्हर’ मात्र ह्या कुळातला नव्हे. ध्वनिसाम्य येथे फसवे आहे. तो शब्द ‘रीपा’ म्हणजे तीर, ह्यावरून आला.

‘रीवुस’ हा निसर्गाचा ओहोळ, तसाच माणसाने खणलेला पाटही. इ. स. ९७ मध्ये रोमच्या पाणीपुरवठ्याचा अधिकारी झालेला फ्रोंटिनुस जलवाहिनीच्या मार्गालाही हाच शब्द लावतो. एकाच पाटाचे पाणी घेणारे ते ‘रीवालेस’, असे विधिज्ञ उल्पियानुस सांगतो. ह्या शेजाऱ्यांवरूनच पुढे ‘रायव्हल’ म्हणजे प्रतिस्पर्धी हा शब्द निघाला. पाण्याच्या पाळीवरून होणारे तंटे ज्याने पाहिले आहेत, त्याला ह्याचे नवल वाटू नये.

सिसेरो हे क्रियापद लाक्षणिक अर्थाने वापरतो. इ. स. ५००च्या सुमारास कॉन्स्टँटिनोपल येथे लॅटिन शिकविणारा प्रिस्कियानुस साधित शब्दांना ‘देरिवातिवा’ म्हणतो. म्हणजे तोवर पाट व्याकरणात शिरला होता. पुढे फ्रेंचच्या द्वारे हे क्रियापद १४व्या शतकात इंग्रजीत आले. पाणी वळविण्याचा अर्थ इंग्रजीतून पुढे मागे पडला. फ्रेंचमध्ये मात्र वळणकालव्याला आजही ‘देरिव्हासियाँ’ म्हणतात.

लॅटिन क्रियापद सकर्मक होते. पाणी वळविणारा कोणी तरी त्यात गृहीत होता. इंग्रजीत ते अकर्मकही झाले आणि तो कर्ता दिसेनासा झाला. ही हानी लहान नव्हे. ‘फ्रेल’ आणि ‘फ्रॅजाइल’ ह्या दोहोंचे मूळ लॅटिन ‘फ्रागिलिस’. परंतु पहिला शब्द लोकांच्या तोंडी झिजत फ्रेंचमधून वाहत आला, तर दुसरा विद्वानांनी ग्रंथांतून वळवून आणला. कोशकार दोहोंना एकच क्रियापद लावतो. मराठीत ‘काज’ व ‘कार्य’ ह्यांची स्थिती अशीच आहे. परंतु येथे तद्भव आणि तत्सम ह्या दोन संज्ञा हाताशी असल्याने वाहिलेले कोणते आणि वळविलेले कोणते, हे सांगता येते.