परतवारीची कुळकथा

भवसागर, नाव, पैलतीर या सगळ्या प्रतिमा आपल्याला संस्कृतातून मिळाल्या. पायवाटेची मराठी प्रतिमा मात्र कुणी पोथीतून उचलली नाही. ती आधी माणसांनी चालून दाखवली, मग ती भाषेत आली. आणि ती नुसती जाणाऱ्या वाटेची नाही, परत येणाऱ्या वाटेची आहे.

तिचे पहिले पाऊल महानुभाव पंथाचे. लीळाचरित्र सांगते की भडोचचे प्रधानपुत्र हरिपाळदेव रामटेकच्या यात्रेला म्हणून घरून निघाले. वाटेत ऋद्धिपूरला त्यांना गोविंदप्रभू भेटले आणि पुढे ते चक्रधरस्वामी झाले. त्यांचा सारा उपदेश असा फिरता घडला. तेराव्या शतकात म्हाइंभटांनी त्यांच्या आठवणी जमवून लीळाचरित्र रचले. पुढे अनुयायांनी स्थानपोथी लिहिली : स्वामी कोणत्या गावी, कोणत्या देवळात, कोणत्या दिशेला उतरले होते, याची नोंद. मराठी गद्याचा आरंभच असा वाटेवरचा आहे. पण महानुभाव संन्याशाचे अटन घर सोडून होते. त्याला परतायचे नव्हते.

परतीची वाट वारकऱ्यांनी घातली. हा संसारी शेतकऱ्यांचा पंथ. आषाढीला निघायचे ते पेरणी उरकून, आणि एकादशी झाली की शेत वाट पाहतच असते. तुकोबांचे पुत्र नारायण महाराज यांनी १६८५ मध्ये पालखीची प्रथा सुरू केली. देहूहून तुकोबांच्या आणि आळंदीहून ज्ञानोबांच्या पादुका एकत्र पंढरीला जाऊ लागल्या. एकोणिसाव्या शतकात ज्ञानोबांचा सोहळा वेगळा झाला. तो उभारला साताऱ्याकडच्या आरफळच्या हैबतबाबांनी. शिंद्यांच्या दरबारी असलेला हा माणूस. दिंड्यांचा क्रम, मुक्काम, शिस्त ही घडी त्यांनी बसवली. अंकलीच्या शितोळे सरकारांनी घोडे दिले. आळंदीच्या महाद्वारात हैबतबाबांची पायरी आहे. सोहळा उभारणाऱ्याला याहून उचित जागा मला सुचत नाही.

दिवेघाट, वाखरी, रिंगण यांची छायाचित्रे आपण दर वर्षी पाहतो. पौर्णिमेच्या काल्यानंतर तीच पालखी वळते आणि आषाढ वद्यात आळंदीला पोचते, याकडे फार थोड्यांचे लक्ष असते. बहुतेक वारकरी तोवर एसटीने गावी गेलेले असतात. मागे उरलेले थोडे लोक पादुकांबरोबर पायी परततात. ही परतवारी. तिच्याशिवाय वारी पुरी होत नाही, असे मी ठामपणे म्हणेन. पंढरी गाठणे हाच शेवट असता, तर पुढच्या आषाढीला पुन्हा निघायचे कारण उरले नसते.

एकेरी वाटेची कथा मराठीत आली ती छापखान्याबरोबर. इंग्रज लेखक बन्यनच्या ख्रिस्ती रूपककथेचे हरि केशवजींनी केलेले भाषांतर ‘यात्रिक क्रमण’ १८४१ मध्ये निघाले. त्यातला यात्रिक बायकोमुलांच्या हाका ऐकू येऊ नयेत म्हणून कानांत बोटे घालून पळतो. १८५७ मध्ये बाबा पदमनजींची ‘यमुनापर्यटन’ ही कादंबरी आली. विधवांची दुःखे पाहत फिरणारी यमुना शेवटी स्वतः विधवा होते, धर्म बदलते, पुन्हा लग्न करते. तिने जुन्या घरी परतू नये हेच बरे. ज्या घरात केशवपन वाट पाहत असते, तिथली परतवारी कुणी कुणाला सांगू नये.

त्याच १८५७ साली पेणजवळच्या वरसईचे विष्णुभट गोडसे दक्षिणा मिळेल या आशेने उत्तरेकडे गेले आणि बंडात सापडले. झाशीचा वेढा पाहिला, लुटले गेले, तरी गंगेची कावड घेऊन घरी आले आणि आईवडिलांना त्या पाण्याने स्नान घातले. ‘माझा प्रवास’ छापले गेले १९०७ मध्ये, पण त्याचे हाड वारकरी आहे. जाऊन परतण्याची ही रीत अजून मोडलेली नाही : मुंबईजवळच्या मिरा-भाईंदरचा चाकरमानी आजही गणपतीला कोकणात जातो आणि विसर्जन करून कामावर रुजू होतो.

पुढे वारीवर इरावती कर्व्यांनी ‘वाटचाल’ लिहिली, दि. बा. मोकाशींचे ‘पालखी’ १९६४ मध्ये आले. दोन्ही लेखने पंढरीकडे जाणाऱ्या वाटेवरची; परतवारीवरचे लेखन हवे आहे. वाचकांपैकी ज्यांना दहाएक दिवस काढता येतील त्यांनी एकदा पौर्णिमेनंतर पंढरपुरातून आळंदीच्या दिशेने चालून पाहावे, आणि जमल्यास लिहावे.