चाकांवरचं स्वयंपाकघर

एसयूव्हीची डिकी उघडली, ड्रॉवर ओढला, आत शेगडी, भांडी, मसाले. असे रील तुम्हीही बघितले असतील. या आयडियाचे आजोबा १८६६ सालचे आहेत, टेक्ससमधले.

अमेरिकेतलं यादवी युद्ध नुकतंच संपलं होतं. टेक्ससमध्ये गुरं ढीगभर, गिऱ्हाईक मात्र शेकडो मैल दूर. चार्ल्स गुडनाइट आणि ऑलिव्हर लव्हिंग यांनी कळप थेट न्यू मेक्सिकोतल्या फोर्ट समनरला हाकत न्यायचं ठरवलं. वाटेत ना गाव, ना खाणावळ. गुराखीच उपाशी राहिले तर गुरं हाकणार कोण?

म्हणून गुडनाइटने सैन्याची लोखंडी आसाची जुनी गाडी घेतली, चिवट बोडार्क लाकडात नव्याने बांधून घेतली आणि मागे एक कपाट बसवलं. त्यात खण आणि ड्रॉवर: कॉफी, बीन्स, पीठ, मसाले, औषधंसुद्धा. कपाटाचं झाकण बिजागरीवर खाली उघडायचं, त्याला पाय लावला की झालं टेबल! कडेला पाण्याचं पिंप. गाडीखाली चामड्याची झोळी, तिच्यात सरपण आणि वाळलेलं शेण. हो, गोवऱ्याच म्हणा!

हीच ती चक वॅगन. मला यातलं डिझाइन भारी वाटतं. रोज लागणारं सगळं मागे, हाताशी, अंथरुणं पुढे. पहाटेच्या अंधारातही स्वयंपाक्याचा हात नेमका कॉफीवर पडणार. रात्री तो गाडीची दांडी ध्रुवताऱ्याकडे करून ठेवायचा, म्हणजे सकाळी दिशा पक्की.

सिनेमात आपल्याला घोडा आणि पिस्तूल दिसतं. पण कळप बाजारापर्यंत पोचले, त्यात या कपाटाचाही वाटा आहे. २००५ मध्ये टेक्ससने चक वॅगनला राज्याचं अधिकृत वाहन केलं, ते उगाच नाही.

भेटू पुढच्या भागात!