एक कर्नेल, अनेक यंत्रे : प्रस्तावना

३० सप्टेंबर १९९३च्या पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी किल्लारीची जमीन हादरली, तेव्हा हा परिसर भूकंपाच्या नकाशावर सर्वांत कमी धोक्याच्या पट्ट्यात होता. त्या धक्क्याने लातूर आणि उस्मानाबाद जिल्ह्यांतली गावेच्या गावे जमीनदोस्त झाली, हजारो माणसे गेली. २००२मध्ये नकाशा सुधारला आणि हा भाग तिसऱ्या पट्ट्यात आला. मोजमाप किती मोलाचे असते, हे मराठवाड्यातल्या विद्यार्थ्याला वेगळे सांगावे लागत नाही. हे पुस्तक मोजमापाच्या यंत्रांमागे राहून काम करणाऱ्या एका थराविषयी आहे. लिनक्सचे कर्नेल, म्हणजे प्रोग्राम आणि यंत्र यांच्यामधला गाभा, आपल्या यंत्राजोगते कसे घडवायचे आणि निरनिराळ्या प्रोसेसरांवर त्याचे कॉन्फिग, म्हणजे निवडलेल्या पर्यायांची नोंद, वर्षानुवर्षे कसे सांभाळायचे, हा त्याचा विषय.

पुस्तकभर एकच उदाहरण पुन्हा पुन्हा येईल, म्हणून ते इथेच मांडतो. समजा, किल्लारीच्या माळावर एक भूकंपमापन ठाणे उभारायचे आहे. ठाण्यावर सौर ऊर्जेवर चालणारा, आर्म प्रोसेसरचा लहानसा बोर्ड असेल. त्याच्या नोंदी लातूरच्या एखाद्या महाविद्यालयातल्या इंटेल सर्व्हरवर साठतील. काही वर्षांनी आर्म बोर्डाच्या जागी रिस्क-फाइव्ह प्रोसेसरचा बोर्ड येईल. तिन्ही यंत्रांवर कर्नेलचा स्रोत तोच, पण त्यातून घडणारे कर्नेल निराळे. ठाण्यावरच्या बोर्डाला उपग्रहाकडून येणारा सेकंदाचा ठोका वाचता आला पाहिजे. तो वाचणारा पर्याय कॉन्फिगमध्ये बंद राहिला, तर घड्याळ हळूहळू सरकत जाते. भूकंपाची प्राथमिक लाट खडकातून सेकंदाला सुमारे सहा किलोमीटर धावते. वेळेत दशांश सेकंदाची चूक झाली, तर अंतराच्या हिशेबात सहाशे मीटरची चूक होते. म्हणजे कॉन्फिगमधली एक ओळ भूकंपाचे केंद्र एका शिवारातून दुसऱ्या शिवारात नेऊ शकते.

अशा ओळी ठरवण्याची कर्नेलची स्वतःची भाषा आहे, केकॉन्फिग. तिच्यात आज दहा हजारांहून अधिक पर्याय आहेत. बहुतेकांना तीनच उत्तरे संभवतात : कर्नेलमध्येच बांधून घ्या, लागेल तेव्हा चढवता येईल असे मॉड्यूल करा, किंवा वगळा. दिसायला हे सोपे आहे. पण ज्या मेमरी कार्डावर मूळ फाइल प्रणाली आहे, त्याचाच ड्रायव्हर मॉड्यूल केला आणि सुरुवातीची तात्पुरती फाइल प्रणाली दिली नाही, तर कर्नेल चालू होऊन तिथेच थांबते, कारण ड्रायव्हर ज्या कार्डावर आहे ते कार्ड वाचायलाच ड्रायव्हर हवा असतो. शिवाय पर्याय एकमेकांत गुंतलेले असतात. काही पर्याय दुसऱ्यावर अवलंबून राहतात. काही दुसऱ्याला परस्पर चालू करतात आणि त्या दुसऱ्याच्या अटी पुऱ्या झाल्या आहेत का, हे पाहतही नाहीत.

हे सगळे एका प्रोसेसरपुरते असते, तर वेगळे पुस्तक लिहायची गरज पडली नसती. १९९१मध्ये लिनस टोरवाल्ड्सने हे कर्नेल इंटेलच्या ३८६ प्रोसेसरसाठी लिहायला घेतले. १९९५च्या १.२ आवृत्तीत अल्फा, स्पार्क आणि मिप्स हे प्रोसेसर आले. २००२मध्ये रोमन झिपेलच्या कामातून आजचे केकॉन्फिग कर्नेलमध्ये दाखल झाले. मग मोबाइल आणि लहान बोर्डांचा पूर आला. आर्मच्या प्रत्येक बोर्डाची स्वतंत्र, संपूर्ण कॉन्फिग फाइल कर्नेलच्या स्रोतात साठू लागली. त्यातल्या बहुतेक ओळी एकमेकींच्या नकला होत्या आणि कोणती ओळ कोणी विचारपूर्वक लिहिली, हे ओळखता येत नव्हते. २०१०मध्ये टोरवाल्ड्सने यावर उघड नाराजी व्यक्त केली. तेव्हा या फाइलींत मूळ गृहीतापेक्षा वेगळ्या तेवढ्याच ओळी ठेवण्याची पद्धत आली आणि लाखाहून अधिक ओळी एका झटक्यात गेल्या. पुढे बोर्डाचे वर्णन डिव्हाइस ट्री नावाच्या स्वतंत्र फाइलीत गेले. २०१२च्या अखेरीस ६४ बिट आर्म कर्नेलमध्ये आले, ते सगळ्या बोर्डांसाठी मिळून एकच मूळ कॉन्फिग ठेवण्याच्या धोरणासह.

या इतिहासातून मला जे उमगले, तेच या पुस्तकाचे सूत्र आहे : समान ते एकदाच लिहावे, फरक तेवढा वेगळा लिहावा आणि प्रत्येक फरकाशेजारी त्याचे कारण लिहावे. लिनक्सची मोठी वितरणे याच वाटेने गेली आहेत. डेबियन आपले कॉन्फिग थरांनी रचते. तळाशी सर्वांना लागू असलेले पर्याय, त्यावर आर्किटेक्चरचे, म्हणजे प्रोसेसरच्या घराण्याचे, आणि त्यावर विशिष्ट प्रकारच्या कर्नेलचे. फेडोरा प्रत्येक पर्यायाला स्वतःची छोटी फाइल देते, आणि एखाद्या आर्किटेक्चरला वेगळे उत्तर हवे असेल, तर ते त्या आर्किटेक्चरच्या फोल्डरमध्ये ठेवते. फोल्डर उघडताक्षणी दिसते की आपण कुठे आणि किती वेगळे आहोत.

फरक कुठून येतात, याची एक चुणूक देतो. इंटेलवर मेमरीचे पान ४ किलोबाइटचे असते. ६४ बिट आर्मवर ते ४, १६ किंवा ६४ किलोबाइटचे करता येते. ६४चे पान मोठ्या सर्व्हरवर वेग वाढवू शकते. आपल्या ठाण्यावरच्या लहान बोर्डावर मात्र प्रत्येक चिमुकल्या फाइलीमागे मेमरीतले एक अख्खे पान अडते, आणि पान ४ किलोबाइटचेच असणार असे धरून लिहिलेले प्रोग्राम कोसळतात. इथे ‘बरोबर’ उत्तर एकच नाही. म्हणूनच कारण लिहून ठेवण्याला इतके महत्त्व आहे.

नव्याने येणाऱ्याला सर्वांत जास्त छळणारी अडचण मात्र निराळी आहे. आपण फाइलीत एखादा पर्याय ‘हो’ म्हणून लिहितो, पण त्याच्या अटी त्या आर्किटेक्चरवर पुऱ्या होत नाहीत. बांधणीच्या वेळी तो पर्याय आवाज न करता गळून पडतो. कर्नेल तयार होते, चालूही होते, फक्त ठाण्यावरचा ठोका वाचला जात नाही. म्हणून काय मागितले आणि अखेरच्या फाइलीत काय मिळाले, हे दर वेळी ताडून पाहावे लागते. कर्नेलच्या स्रोतासोबत येणारी कॉन्फिग जोडणारी स्क्रिप्ट न मिळालेल्या पर्यायांची सूचना देते. ती सूचना वाचायची सवय पहिल्या दिवसापासून लावून घ्यावी. दर नऊ-दहा आठवड्यांनी कर्नेलची नवी आवृत्ती येते आणि सोबत नवे पर्याय आणते. तेव्हा हे ताडणे पुन्हा करावे लागते.

यंत्रे बदलतात, जुनी निघून जातात. पुण्याच्या सी-डॅकने १९९१मध्ये परम ८००० हा महासंगणक ट्रान्सप्युटरवर उभारला. १९९८चा परम १०००० अल्ट्रास्पार्कवर, २००३चा परम पद्म पॉवर ४ वर आणि २००८चा परम युवा इंटेलवर. एकाच संस्थेने दोन दशकांच्या आत प्रोसेसरांची चार घराणी पाहिली. आज तीच सी-डॅक रिस्क-फाइव्हवर आधारलेले वेगा प्रोसेसर घडवते आहे. उलट बाजूला, २०१८मध्ये कर्नेलच्या ४.१७ आवृत्तीतून आठ आर्किटेक्चर एकदम काढली गेली आणि २०२४च्या आरंभी इटॅनियमही गेले. ऑगस्ट २०२५मध्ये आलेल्या डेबियन १३मध्ये ३२ बिट इंटेल यंत्रांसाठी कर्नेल मिळत नाही, मात्र कर्नेलच्या मूळ स्रोतात त्यांचा आधार अजून आहे. आपल्या तालुक्यांतल्या शाळा-महाविद्यालयांत अशी जुनी यंत्रे पडून असतील, तर त्यांना स्वतः बांधलेल्या कर्नेलवर आणखी काही वर्षे कामाला लावता येईल. त्यासाठी लागणारी विद्या या पानांत आहे.

या विषयात यायला मोठी प्रयोगशाळा लागत नाही. साध्या लॅपटॉपवर दुसऱ्या प्रोसेसरसाठी कर्नेल बांधता येते आणि क्यूएमू या एम्युलेटरमध्ये चालवूनही पाहता येते. सी भाषेची तोंडओळख आणि लिनक्सच्या टर्मिनलवर वावरायची सवय एवढे भांडवल पुरे. पहिली दोन प्रकरणे वाचून झाली की ६४ बिट आर्मचे मूळ कॉन्फिग घ्या, त्यात आपल्या ठाण्यासाठी दहा-बारा फरक करा आणि प्रत्येक फरकापुढे एक वाक्य लिहा : हा पर्याय का हवा, किंवा का नको. मग तेच फरक रिस्क-फाइव्हवर लावून पाहा. जे टिकतील ते समान थरात हलवा, जे गळतील त्यांचे कारण शोधा. हा अभ्यास प्रामाणिकपणे झाला, तर पुढच्या प्रकरणांत तुम्ही वाचक म्हणून येणार नाही, या कामातले सहकारी म्हणून याल. कर्नेलच्या स्रोतात अशी नेटकी कारणे लिहून सुधारणा पाठवणाऱ्या माणसांची गरज कायम असते. मराठवाड्यातल्या औसा, निलंगा, देगलूर, मुखेडच्या मुलामुलींनी ती भागवावी, याच इच्छेने हे पुस्तक मराठीत लिहिले आहे.