चुनकळीच का?

घरच्या मंडळींना हा किस्सा अर्धा ठाऊक आहे. उरलेला आज लिहितो.

१९७७ साली आमच्या शाळेतले विज्ञानाचे शिक्षक वर्षाच्या मध्येच बदलून गेले आणि नववीचा रसायनाचा तास माझ्या गळ्यात पडला. मी इतिहास शिकवणारा साधा बी.ए. आदल्या रात्री पुस्तक पाठ करायचे आणि सकाळी फळ्यावर उतरवायचे, असा सगळा प्रकार. अमोनिया वायूचा धडा चालू होता. नवसागर आणि विरलेला चुना तापवायचा, निघालेला वायू चुनकळीतून सोडून कोरडा करायचा. मागच्या बाकावरची एक मुलगी उभी राहिली. "सर, हायड्रोजन क्लोराइडला सल्फ्युरिक आम्ल चालतं, मग अमोनियाला का नाही?"

मी म्हणालो, "पुस्तकात आहे तसं लिही, मार्क मिळतील." ती बसली. पुन्हा तिने कधी काही विचारले नाही.

निवृत्तीनंतर मी शोधून वाचले. वायू शुष्क करणाऱ्या पदार्थाने पाण्याची वाफ तेवढी घ्यावी, वायूला हात लावू नये, एवढीच अट असते. सल्फ्युरिक आम्ल पाण्याचे मोठे हावरट, पण अमोनिया पडला अल्कधर्मी. आम्ल त्यालाच गिळून अमोनियम सल्फेट करून टाकते. बरे, कॅल्शियम क्लोराइड तर उदासीन, ते तरी चालावे! तेही नाही. त्याचा एकेक रेणू अमोनियाचे आठ-आठ रेणू धरून बसतो. चुनकळी स्वतः अल्कधर्मी, तिचे अमोनियाशी भांडण नाही. ती पाणी घेते आणि विरते. पण आम्ल-अल्काची जात पाहिली म्हणजे झाले, असेही नाही. हायड्रोजन सल्फाइड आम्लधर्मी, तरी संहत सल्फ्युरिक आम्लातून सोडला तर त्याचे गंधक होते.

इथे इतिहासाच्या मास्तराला रस वाटू लागला. क्लोराइडच्या ज्या खोडीमुळे आपण त्याला बाजूला ठेवतो, तिचाच उपयोग १८२३ साली लंडनमध्ये मायकेल फॅरडेने केला. सिल्व्हर क्लोराइडलाही अमोनिया धरून ठेवायची सवय आहे. फॅरडेने ते अमोनिया पाजलेले क्लोराइड वाकड्या काचनळीत घालून नळी बंद केली, एक टोक तापवले, दुसरे थंड ठेवले. सुटलेल्या अमोनियाला जायला वाट नाही. स्वतःच्याच दाबाने तो थंड टोकाला द्रव होऊन साठला. आणि गंमत अशी की तापवलेले टोक निवले की क्लोराइड तो पुन्हा ओढून घ्यायचे.

दुसरा माणूस मला अधिक जवळचा, कारण तो शाळामास्तर होता. हर्बर्ट ब्रेरेटन बेकर, लंडनच्या डलिच कॉलेजात (नावाला कॉलेज, खरी शाळाच) रसायन शिकवायचा. अमोनिया आणि हायड्रोजन क्लोराइड एकत्र आले की पांढरा धूर होतो, हे आपण सगळ्यांनीच वर्गात पाहिलेले. १८९४ मध्ये बेकरने जाहीर केले की दोन्ही वायू अगदी कोरडे केले तर धूर होतच नाही! त्याचा शोषक होता फॉस्फरस पेंटॉक्साइड. आक्षेप आला, की हे पेंटॉक्साइडच अमोनिया खाते. बेकरचे म्हणणे, ते शुद्ध असेल तर खात नाही. म्हणजे शोषक कोणता, हाच वादाचा मुद्दा. माझ्या वर्गातलाही तोच होता.

असो. बेकर पुढे इंपिरियल कॉलेजात प्राध्यापक झाला.

त्या मुलीचे पुढे काय झाले मला माहीत नाही. आज साठी ओलांडली असेल. सहामाहीच्या पेपरात तो प्रश्न मीच घातला होता. तिने लिहिले होते, "अमोनिया शुष्क करण्यासाठी चुनकळी वापरतात." कारण लिहिले नव्हते. मी पूर्ण मार्क दिले.