क्षारपड ते अणुदर्शन : धातुपृष्ठावरील हॅलोजनांच्या अभ्यासाचा मागोवा

बारामती व इंदापूर तालुक्यांत क्लोराइडची ओळख शेतकऱ्यांना प्रथम जमिनीतूनच झाली. नीरा डावा कालवा १८८५ मध्ये सुरू झाला. पाझराने भूजलपातळी चढली, क्षार पृष्ठभागावर साठले आणि बागायती जमिनी नापीक होऊ लागल्या. हॅरॉल्ड मान व व्ही. ए. ताम्हाणे यांनी १९१० मध्ये मुंबई कृषी खात्यातर्फे नीरा खोऱ्यातील क्षारजमिनींचा अभ्यास प्रसिद्ध केला.

क्लोराइड मोजण्याची रूढ पद्धत मोर यांनी १८५६ मध्ये मांडली. सिल्व्हर नायट्रेट टाकताच पांढरा साका बसतो. क्लोराइड संपले की क्रोमेटमुळे विटकरी रंग उमटतो. ही परीक्षा पदवीचा प्रत्येक विद्यार्थी करतो. परंतु चांदीच्या धातुपृष्ठावर क्लोरीनचा अणू नेमका कोठे बसतो, हे साक्यावरून कळत नाही.

अणू प्रथम दिसले ते ११ ऑक्टोबर १९५५ रोजी, अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया राज्य विद्यापीठात. एर्विन म्युलर यांच्यासमवेत तेथे भारतीय संशोधक कंवर बहादूर होते. अतिशय थंड केलेल्या टंगस्टनच्या टोकाची अणुरचना त्यांनी क्षेत्र-आयन सूक्ष्मदर्शकातून पाहिली. अणुदर्शनाचा इतिहास अनेकदा झुरिचपासून सांगितला जातो व बहादूर यांचे नाव गाळले जाते, हे खेदजनक आहे. अर्थात या साधनालाही मर्यादा होती. तीव्र विद्युतक्षेत्रात पृष्ठावर चिकटलेले परके अणू उखडले जात.

पुणे विद्यापीठाच्या भौतिकशास्त्र विभागात सी. व्ही. धर्माधिकारी, डी. एस. जोग प्रभृतींनी १९७० च्या दशकात क्षेत्र-उत्सर्जन सूक्ष्मदर्शनावर काम केले. त्यात सुटे अणू दिसत नाहीत. तथापि अधिशोषणामुळे धातूचे कार्यफल किती बदलले, हे उत्सर्जित विद्युतप्रवाहावरून काढता येते. बारामती-इंदापूरची महाविद्यालये याच विद्यापीठाशी संलग्न आहेत.

बिनिग व रोरर यांनी १९८१ मध्ये झुरिच येथे घडविलेल्या क्रमवीक्षण सुरंगन सूक्ष्मदर्शकाने ती अडचण दूर झाली. सुई व पृष्ठ यांतील अंतर किंचित वाढले तरी सुरंगन प्रवाह झपाट्याने घटतो. त्यावरून उंचसखलपणा कळतो. १९८९ मध्ये शार्ट व सहकाऱ्यांनी प्लॅटिनमवरील आयोडीनचे अणू निर्वातात नव्हे, तर साध्या हवेत पाहिले. तांब्याच्या (१००) पृष्ठावर क्लोरीन चार अणूंमधील खळग्यात, एक सोडून एक असा बसतो. २०१६ मध्ये डेल्फ्ट येथे याच क्लोरीन-थरातील रिकाम्या जागा सुईने सरकवून एक किलोबाइट माहिती साठविण्यात आली.