लोकवर्गणीचे व्हिडिओ गेम आणि लांबणाऱ्या तारखा

व्हिडिओ गेमच्या व्यवसायात पूर्वी पैसा प्रकाशक कंपनी पुरवीत असे आणि तारीखही तीच ठरवीत असे. काम रखडले तर निर्मात्याला जाब विचारणारेही प्रकाशकच. खेळणाऱ्यांपर्यंत अनेकदा त्याची वार्ताही पोहोचत नसे. २००९ मध्ये अमेरिकेत ‘किकस्टार्टर’ हे संकेतस्थळ सुरू झाले आणि खेळणाऱ्यांकडूनच आगाऊ वर्गणी गोळा करून गेम तयार करण्याची पद्धत रूढ झाली. ‘क्राउडफंडिंग’ या नावाने ती ओळखली जाते. या पद्धतीत विलंब हा जवळजवळ नियमच ठरला आहे, आणि त्याचे कारण बहुधा पैशांची टंचाई नसून सुबत्ता असते.

टिम शेफर यांच्या ‘डबल फाइन’ या कंपनीचे उदाहरण या दृष्टीने बोलके आहे. फेब्रुवारी २०१२ मध्ये कंपनीने ४ लाख डॉलर मागितले. महिनाभरात ८७ हजारांहून अधिक लोकांनी ३३ लाख डॉलर दिले. गेम ऑक्टोबर २०१२ मध्ये मिळायचा होता. पण ती तारीख ४ लाखांत होणाऱ्या छोट्या गेमची होती. आठपट रक्कम हाती आल्यावर आराखडाही फुगला. जुलै २०१३ मध्ये, आलेला पैसाही अपुरा पडत असून गेम दोन भागांत काढावा लागेल, असे वर्गणीदारांना कळविण्यात आले. ‘ब्रोकन एज’चा पहिला भाग जानेवारी २०१४ मध्ये आला आणि दुसरा एप्रिल २०१५ मध्ये. या निर्मितीवर वर्गणीतूनच एक माहितीपटही काढला जात होता. त्यामुळे वेळापत्रक कसे कोलमडते, हे वर्गणीदारांना घरबसल्या पाहता आले!

मूळ उद्दिष्ट ओलांडले की पुढच्या प्रत्येक टप्प्याला नवे आमिष जाहीर करण्याचा प्रघात आहे. इतकी रक्कम जमल्यास आणखी एक पात्र, त्याहून अधिक जमल्यास आणखी एका यंत्रावर गेम. आश्वासने वाढतात, छापलेली तारीख मात्र तीच राहते. केजी इनाफुने यांच्या ‘मायटी नंबर ९’ने २०१३ मध्ये ९ लाख डॉलर मागून ३८ लाख मिळविले. एप्रिल २०१५ ची तारीख वारंवार पुढे सरकत जून २०१६ वर गेली. हातात धरून खेळण्याच्या यंत्रांसाठी कबूल केलेल्या आवृत्त्या तर आल्याच नाहीत. ईथन मॉलिक या अमेरिकी प्राध्यापकांनी रचना व तंत्रज्ञान या वर्गांतील उपक्रमांचा अभ्यास केला, तेव्हा ७५ टक्क्यांहून अधिक उपक्रम उशिरा पूर्ण झाल्याचे आढळले. जमलेल्या रकमेचा आणि विलंबाचा संबंधही त्यात दिसून आला.

या प्रवृत्तीचे टोक म्हणजे ‘स्टार सिटिझन’. क्रिस रॉबर्ट्स यांनी ऑक्टोबर २०१२ मध्ये या अंतराळ-गेमसाठी हाक दिली, तेव्हा तो २०१४ मध्ये पूर्ण होणार होता. मोहीम संपल्यावरही गेममधील अंतराळयाने विकून निधी जमविणे चालूच राहिले. त्यांतील कित्येक तर विक्रीच्या वेळी तयारही झालेली नव्हती. २०२५ अखेर ही रक्कम ८० कोटी डॉलरच्या पुढे गेली होती. चाचणी आवृत्ती खेळता येत होती; पूर्ण गेम आलेला नव्हता.

वर्गणीदार ना ग्राहक असतो ना भागधारक. आपण दुकान नव्हे, हे किकस्टार्टरने सप्टेंबर २०१२ मध्येच स्पष्ट केले होते. निर्मात्याने प्रामाणिक प्रयत्न करावा आणि काम फसल्यास पैसा कसा खर्च झाला याचा हिशेब द्यावा, एवढीच अपेक्षा. कादंबरीकार नील स्टीफन्सन यांच्या ‘क्लँग’ या तलवारबाजीच्या गेमला २०१२ मध्ये ५ लाख २६ हजार डॉलर मिळाले होते. सप्टेंबर २०१४ मध्ये तो बंद झाला. परतावा मिळाला तो आवर्जून मागणाऱ्या मोजक्यांनाच.

मात्र प्रत्येक विलंब फसवा नसतो. ऑस्ट्रेलियातील ‘टीम चेरी’ने २०१४ मध्ये ‘हॉलो नाइट’साठी जेमतेम ५७ हजार ऑस्ट्रेलियन डॉलर जमविले. गेम फेब्रुवारी २०१७ मध्ये आला आणि त्याच्या लाखो प्रती खपल्या. वर्गणीदारांना कबूल केलेल्या आणखी एका पात्राचे काम राहिले होते. ते वाढत वाढत ‘सिल्कसाँग’ हा स्वतंत्र गेम झाला. ४ सप्टेंबर २०२५ रोजी तो प्रसिद्ध झाला, तेव्हा २०१४ च्या वर्गणीदारांना तो विनामूल्य देण्यात आला.